उजव्या सोंडेची काच

माझ्या नातवाला मुंबईहून रंगांच्या नळ्या येतात. झाकण फिरवायचं, नळी दाबायची, की रंग बाहेर. कागदही विकतचा, जाड, एका बाजूने खरखरीत. परवा त्याने विचारलं, आजी, तुम्ही लहानपणी कशावर काढायचात? मी म्हटलं, जे हाताला लागेल त्याच्यावर आणि जे हाताला लागेल त्याने. त्याला वाटलं, म्हातारी विनयाने बोलते आहे. विनय मला कधी जमला नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरळ उत्तर दिलं होतं. भिंत, पाट, रॉकेलच्या डब्याचं झाकण, फाटकं धोतर, काच आणि शेवटी रेशीम, या क्रमाने माझं शिक्षण झालं. त्यातला काचेपासून रेशमापर्यंतचा काळ फार तर सहा-सात महिन्यांचा. तेवढा तरी लिहून ठेवावा असं पुष्कळ दिवस मनात आहे.

आमचं बिऱ्हाड कल्याणला, पारनाक्याच्या अलीकडच्या गल्लीत. तीन खोल्या, मागे विहीर आणि विहिरीच्या कडेला पाणी तापवायची एक उघडी चूल. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनात तारमास्तर होते. कल्याणला गाडीचे दोन रस्ते फुटतात, एक नाशिककडे जातो, एक पुण्याकडे. त्यामुळे इंजिनांची ये-जा सारखी चाले आणि वारा तिकडचा असला की डबे जोडतानाचा दणका थेट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. आई त्यावर वेळ ओळखायची. पुण्याची गेली, आता तांदूळ धुवा, असं तिचं चाले. अण्णांना जेवतानाही बोटांनी ताटाच्या कडेवर तारेची टकटक करायची सवय होती. मग ताईआत्या म्हणे, अरे आधी जेव, कुणाला निरोप धाडतोयस? ताईआत्या ही अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली. घरातलं सोवळंओवळं तिच्या हुकमात होतं. तिच्या हातचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मी आजही विसरलेले नाही, आणि तिचा हातही विसरलेले नाही, कारण तो पाठीतही बसायचा. अण्णांचं देवाधर्माशी फारसं जमत नसे. ते देवापुढे उभे राहत, पण ओळखीच्या माणसाला वाटेत बघून हसावं तसं हसत आणि पुढे जात.

चित्र काढायला मला कुणी शिकवलं असं नाही. त्या काळी घरातल्या सगळ्याच बायका काढत. नागपंचमीला पाटावर गंधाचे नाग, गौरींच्या वेळी उंबऱ्यापासून पावलं, दारात रांगोळी, लग्नात चौक. माझा हात बरा होता म्हणून सातव्या-आठव्या वर्षापासून नाग माझ्याकडे आले. पण दुसऱ्या दिवशी आत्या ओलं फडकं घेऊन यायची आणि पाट स्वच्छ पुसून टाकायची. मला त्याचा भयंकर राग येई. एका वर्षी मी पाट लपवून ठेवला होता, त्याबद्दल मार खाल्ला. आत्याचं म्हणणं, नागाची तिथी झाली, आता तो पाट जेवायला लागणार. ते खरंच होतं. पण बायकांनी काढलेलं सगळं दुसऱ्या दिवशी पुसायचं आणि देवळातल्या भिंतीवर गवंड्याने काढलेला मारुती मात्र वर्षानुवर्षं राहायचा, हे मला पटत नव्हतं. मला राहणारं काहीतरी काढायचं होतं.

म्हणून मी प्रयोग सुरू केले. भिंतीवर गेरूने काढलं, ते पावसाळ्यात ओघळलं. रॉकेलच्या डब्याच्या झाकणावर डिंकात कालवलेला लाल हिंगूळ लावला, तो वाळल्यावर खपल्या होऊन पडला. अण्णांच्या जुन्या धोतराला खळ घालून, वाळवून, घोटून त्यावर काढलं. ते दिसायला सुरेख झालं आणि खळीच्या वासाने उंदरांनी आठ दिवसांत खाल्लं. मग कुणीतरी सांगितलं की खळीऐवजी सरस वापरा, सरसाला उंदीर शिवत नाहीत. सरस कातड्यापासून होतो हे मला ठाऊक नव्हतं, पण आत्याला होतं. विहिरीकडच्या चुलीवर तो शिजत असताना तिला वास आला आणि तिने तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यानंतर तेल. जवसाच्या तेलात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचं पिवळं भस्म, टाकून कढवलं की ते वाळतं, असं अण्णांना स्टेशनातल्या पेंटरने सांगितलं. काष्ठौषधीच्या दुकानात अण्णांनी ते औषधाला हवं म्हणून मागितलं. मुर्दाडशिंग विषारी, म्हणून कढवायचं काम ते स्वतः करीत, तोंडाला उपरणं बांधून. पहिल्या खेपेला तेल अठरा दिवस चिकट राहिलं. त्यावर एक माशी आणि शेजारच्यांच्या मांजराचे केस कायमचे बसले. आई म्हणाली, चला, काहीतरी टिकलं.

स्टेशनातला हा पेंटर म्हणजे धर्मा. मानपाड्याकडचा आगरी गडी, रोज पहाटे चालत कल्याणला यायचा. फलाटावरच्या कंदिलांच्या काचांवर अक्षरं घालणं हे त्याचं काम. अक्षरं आतल्या बाजूने लिहायची, म्हणजे पावसाने जात नाहीत, आणि बाहेरून वाचता यावीत म्हणून आत उलटी लिहायची. एका रविवारी अण्णा त्याला घरी घेऊन आले. तो अंगणात बसला, मी ओटीवर बसले आणि आमच्या मधे एक फुटक्या तावदानाचा तुकडा ठेवला. तो म्हणाला, "बाय, काचेव आदी डोला काराचा, मंग तोंड. पाठचा रंग सगल्यांचे शेवटी." एवढंच तो बोलला आणि मला सगळं समजलं. पाटावर आधी अंग काढतात आणि शेवटी डोळा. काचेवर जे सगळ्यांत वर दिसायचं ते सगळ्यांत आधी, आणि एकदा त्यावर रंग चढला की डोळा दुरुस्त करता येत नाही. पुढे काच असल्यामुळे पाणी, धूर, आत्याचं फडकं, कशाचंच भय नाही. मी आनंदाने वेडी झाले. त्यानंतर मी काचेवर एक राघू केला, एक मासा केला, एक मुरली वाजवणारा कृष्ण केला. राघू डाव्या बाजूला बघतो की उजव्या, कृष्णाने मुरली कुठल्या अंगाला धरली, याची चौकशी कुणी केली नाही आणि मीही केली नाही. अक्षरं उलटी लिहायची हे धर्माला माहीत होतं. चित्राचंही तसंच असतं हे सांगायची त्याला गरज वाटली नसावी.

माझं लग्न दहाव्या वर्षीच झालेलं होतं. सासर ठाण्याला, तळ्यापासून जवळ. मामंजी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, घर माणसांनी भरलेलं, कुळाचाराला कडक. तेराव्या वर्षी मला नांदायला न्यायचं ठरलं, गणपतीच्या आधी, हरतालिकेच्या सुमाराला. सून चित्रं काढते आणि स्टेशनातला पेंटर घरी येतो, ही बातमी माझ्याआधी ठाण्याला पोचली होती. सासूबाईंनी निरोप पाठवला होता की मुलीचे काय खेळ असतील ते माहेरी संपवून मग पाठवा. आईने तो निरोप शिरसावंद्य मानला. अण्णांनी मानला नाही. ते म्हणाले, त्यांनी तुझं काम पाहिलेलं नाही म्हणून असं म्हणतात. आपण त्यांच्यासाठी काचेवर गणपती करू. त्यांना आवडला तर रंगांची पेटी मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्याला पोचवीन. नाही आवडला तर पेटी इथेच राहील, आणि मग तू हट्ट करायचा नाहीस. पेटी लाकडाची होती, अण्णांनीच सुताराकडून करून घेतलेली, आत लहान लहान वाट्यांना जागा असलेली. मी कबूल झाले. तेराव्या वर्षी माझ्या डोक्यात सासर, नवरा, संसार यांतलं काही नव्हतं. ती पेटी बरोबर येते की नाही, एवढाच प्रश्न होता.

वेटिंगरूमच्या खिडकीचं एक मोठं तावदान कोपऱ्यात तडकलं होतं. धर्माने तडकलेला भाग कापून बाकीचं दिलं. मी ते राखेने धुतलं, चुन्याच्या निवळीने पुसलं आणि देव्हाऱ्यातला पितळी गणपती समोर ठेवून काम सुरू केलं. आमचा गणपती डाव्या सोंडेचा, घरोघर असतो तसा. मी त्याला पाहून अगदी जसाच्या तसा काढला. आधी डोळ्यातला पांढरा ठिपका, मग बुबुळ, मग मुकुटाचे मणी, सोंडेवरची नक्षी, मग अंगाचा शेंदरी, मग पीतांबर, आणि शेवटी मागे गर्द निळा. मधेमधे काच उचलून पुढून बघायचे. किती वेळा बघितली असेल, पण मी रंग बघत होते, देव बघत नव्हते. कडा फुटली का, मणी बुडाले का, एवढंच. अण्णा बघत होते तेही लेकीचं काम म्हणून. आईने पूर्ण झाल्यावर हात जोडले, आणि हात जोडताना माणूस सोंड बघत नाही. बघणारी एकच होती घरात, ती म्हणजे आत्या. पण सरसाच्या प्रकरणापासून तिने माझ्या रंगांकडे पाठ फिरवली होती. असल्या वासाच्या वस्तूला मी देव म्हणणार नाही, असं सांगून ती काचेच्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती. मागे पत्रा बसवून, चौकट घालून, जुन्या लुगड्यात गुंडाळून गणपती ठाण्याला निघाला.

हरतालिकेच्या दिवशी सासरी बायका जमल्या होत्या. अण्णांनी काच स्वतः सोडून पाटावर उभी केली. काचेतून रंग असा उजळ दिसतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला तो ओला वाटतो. सासूबाई दोन पावलं पुढे आल्या, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काचेकडे बघितलं आणि म्हणाल्या, हे हिने केलं? त्यांनी आपल्या हाताने हळदकुंकू वाहिलं, दूर्वा वाहिल्या. मागोमाग बाकीच्या सवाष्णींनीही वाहिल्या. अण्णा दारातून माझ्याकडे बघून हसले. मी मनातल्या मनात पेटी कुठल्या कोनाड्यात ठेवायची ते ठरवून टाकलं. मग दुसऱ्या दिवशीच्या पूजेचं सामान बघायला त्या घरचे उपाध्ये आले, काचेपुढे थांबले, खाली वाकले आणि म्हणाले, "वहिनी, हा उजव्या सोंडेचा आहे."

गणपती करायला गेले आणि माकड झालं, अशी आपल्यात म्हण आहे. माझा गणपती गणपतीच झाला, नुसता दुसरा झाला. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, डाव्या सोंडेचा गणपती घरातल्या माणसासारखा असतो, थोडंफार चालवून घेतो. उजव्या सोंडेचा कडक. त्याची पूजा वेळेवर, सोवळ्यात, रोज, एक दिवसाचा खाडा नाही, नैवेद्य चुकवायचा नाही, आणि चुकलं तर घराला भोवतं. म्हणून गृहस्थ माणूस त्याच्या वाटेला जात नाही. मी काचेवर बोट धरून सोंडेचं वळण गिरवलं आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी मागून डावीकडे वळवलेली सोंड पुढून उजवीकडे गेली होती. अण्णांचा चेहरा इतका उतरला की मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं. तारेच्या खटक्यांत एक अक्षर न चुकणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे झालं.

मामंजी म्हणाले, प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा कायद्याने हे चित्र आहे. उपाध्ये म्हणाले, कायद्याने असेल, पण वहिनींनी कुंकू लावलं, दूर्वा वाहिल्या, घरच्या लक्ष्मीने पूजलेला देव आता अडगळीत टाकता येणार नाही. दुसरा डाव्या सोंडेचा करून आणावा, मग याची उत्तरपूजा करून खाडीत विसर्जन करावं, तोवर यथासांग चालवावं. सगळे सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाई वाईट नव्हत्या. त्या ओरडल्या नाहीत, अण्णांना टाकून बोलल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "तू आणलास, तू सांभाळ. दुसरी काच झाली की याचं विसर्जन, आणि त्यानंतर या घरात रंग नको." अण्णा मान खाली घालून निघाले. पेटी अर्थातच कल्याणला राहिली.

असा माझा संसार सुरू झाला. देवघराला लागून एक चिंचोळी खोली होती, तिला वर एक झरोका. काच तिथे टांगली. पहाटे उठून विहिरीवर आंघोळ करायची, सोवळं नेसायचं आणि आत जाऊन दार लावून घ्यायचं. पूजा, अथर्वशीर्षाऐवजी मला येत होतं ते स्तोत्र, मग नैवेद्य. तेवढ्या वेळात मला कुणी शिवायचं नाही, हाक मारायची नाही, मी कुणाशी बोलायचं नाही. पहिले आठ दिवस मी रडले. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाहेर जावा दळताहेत, पाणी भरताहेत, पोरं आंघोळीला धरताहेत, आणि त्या सगळ्या घरात बंद दाराआड एकटं बसायची मुभा असलेली बाई एकच आहे, ती म्हणजे मी. सासूबाईंनासुद्धा ती नव्हती. कुणी मला विचारत आलं तर त्या स्वतः दाराशी उभ्या राहून सांगत, ती सोवळ्यात आहे, थांबा.

रंग घरात नको असं त्या म्हणाल्या होत्या. पण पूजेचं तबकभर साहित्य रोज माझ्यासमोर होतं आणि त्यात रंगांशिवाय दुसरं काय होतं? कुंकू, हळद, गंध, अष्टगंध. समईची काजळी. पांढऱ्याला गोपीचंदन. प्राजक्ताचे देठ चुरले की केशरी, दूर्वांचा हिरवा, गोकर्णीच्या पाकळ्यांचा निळा, आणि त्या निळ्यात लिंबाचा थेंब पडला की जांभळा. सरस, तेल, खारीच्या केसांची कुंचली यांतलं काही सोवळ्यात चालणार नाही, म्हणून दर्भाची काडी टोकाला ठेचून कुंचली केली. बाभळीचा डिंक पूजेच्या पाण्यात भिजवला. राहिला प्रश्न कशावर काढायचं. कागद ओवळा, सुती कापडाला विटाळ होतो. रेशमाला होत नाही. मामंजींचा जुना, विरलेला सोवळ्याचा रेशमी मुकटा देव पुसायला म्हणून मला मिळाला होता. त्याचा तुकडा फाडून मी पहिलं चित्र काढलं तेव्हा रंग तोंडात पान रंगावं तसा चौफेर पसरला. पंधरा दिवस मी त्या पसरण्याशी भांडत होते. डिंक दाट करून पाहिला, हळद घट्ट करून पाहिली. शेवटी एकदा पंचामृताचं दूध रेशमावर सांडलं. ते वाळल्यावर त्या डागावर रेघ ओढली तर ती जिथल्या तिथे राहिली. मग मी रेशमाला दूध पाजून, वाळवूनच काढू लागले. माझा नातू या गोष्टीवर फार खूष आहे. तो म्हणतो, आजी, तुम्ही शोध लावलात. मी म्हटलं, शोध नव्हे, सांडलवंड.

देवाला मी फसवलं का, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. मला अजून न्हाण आलेलं नव्हतं, त्यामुळे बाजूला बसायची वेळ आली नाही; पूजा मी एक दिवस चुकवली नाही आणि नैवेद्याला उशीर केला नाही. उरलेल्या वेळात त्याच्यासमोर बसून जे करत होते ते त्याने रोज पाहिलं आणि घराला काही भोवलं नाही. आमच्यात याहून जास्त हिशेब झालेला नाही.

अण्णा आले ते दिवाळी उलटल्यावर. तेवढं मोठं तावदान पुन्हा फुटायची वाट बघत ते थांबले होते. धर्माने ते जपून कापून दिलं होतं. अण्णांच्या एका हातात गोणपाटात गुंडाळलेली काच होती आणि काखेत माझी पेटी. पेटी काच रंगवण्यापुरती आणली आहे, परत घेऊन जाईन, असं त्यांनी मामंजींना आधीच सांगितलं. वाटेत त्यांनी कागदावर गणपती काढून, तो उलटा उजेडाकडे धरून, सोंड कशी येते ते तपासून पाहिलं होतं. तो कागद त्यांनी मला दाखवला. त्यांचा हात चित्राला अगदीच वाईट होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी काचेकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. चार दिवसांत नवा गणपती झाला असता. जुन्याचं विसर्जन झालं असतं, पेटी अण्णांबरोबर परत गेली असती, चिंचोळ्या खोलीत कुणीतरी पापडाचे डबे ठेवले असते आणि मी जावांच्या बरोबरीने जात्यावर बसले असते. मी म्हटलं, "नको अण्णा. हाच राहू दे. मी सांभाळीन."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच कौतुक पाहिलं. अण्णांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं मला अजून जड जातं. ते हळू आवाजात म्हणाले, "चिमे, तुला भीती घातलीय का कुणी?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग पेटी नको तुला? मी त्यालाही नाही म्हटलं. सासूबाई तिथून हलत नव्हत्या आणि मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. अण्णांना वाटलं, आपण हिला चित्रं काढू दिली, आपल्याच चुकीने हिच्या गळ्यात हा देव पडला, आणि आता ही पोर भाविक होऊन बसली. ते मला दिसत होतं.

त्यांना कळावं म्हणून मी एक केलं. आतल्या खोलीत मी त्यांचंच एक चित्र काढून ठेवलेलं होतं, तळहाताएवढं. पगडी, रेल्वेचा निळा कोट, समोर तारेचं यंत्र आणि त्यावर टेकलेलं बोट. ते चित्र आत राहील असं रेशीम दुमडलं, त्याची पुरचुंडी बांधली, वर गाठीत दूर्वा खोचल्या आणि सासूबाईंसमोरच त्यांच्या हातात दिली. म्हटलं, प्रसाद आहे, जपून न्या. घरी जाऊन ते गाठ सोडतील, चित्र बघतील आणि ओटीवर बसून एकटेच हसतील, असं मी ठरवूनच टाकलं होतं. काच आणि पेटी घेऊन ते स्टेशनाकडे गेले. पुढे त्यांचं पत्र आलं त्यात क्षेमकुशलाखेरीज काही नव्हतं. मला वाटलं, पत्र इथे सगळे वाचतात म्हणून त्यांनी शहाणपणाने लिहिलं नाही.

संक्रांतीला आईने माहेरपणाला बोलावलं. सगळ्या जावा आपापल्या माहेरी गेल्या. मला जाता आलं नाही, कारण उजव्या सोंडेला खाडा चालत नाही आणि मी सांभाळीन हे माझ्याच तोंडचं वाक्य होतं. सासरी आल्यापासून एकदाही मी कल्याणला गेले नाही. माघात अण्णांना ताप आला, आणि निरोप घेऊन धर्मा पेंटर ठाण्याला पोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं. कल्याण आणि ठाणं यांच्यामध्ये गाडीचा असा किती रस्ता, पण मी तेवढा पाच महिन्यांत ओलांडला नव्हता. याचं दुःख मला तेव्हा झालं आणि आजही आहे. त्याला दुसरा शब्द शोधावा असं वाटत नाही.

लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. तेवढे दिवस ठाण्याची पूजा उपाध्यांनी केली आणि मी माहेरी राहिले. चौथ्या दिवशी न्हाऊन झाल्यावर ताईआत्याने देव्हाऱ्यातून ती पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "हे तुझं. त्याने कुणाला हात लावू दिला नाही. मी म्हटलं प्रसाद आहे तर वाटू या, तर म्हणाला, पोरीने सोवळ्यात बांधून दिलंय, आपण ओवळ्या हाताने सोडायचं नाही. रोज आंघोळ झाली की त्याच्यापुढे हात जोडायचा."

गाठ मी मारली होती तशीच होती. दूर्वा वाळून तिच्यातच अडकल्या होत्या. मी ती घेऊन विहिरीकडच्या चुलीपाशी गेले आणि तिथे बसून सोडली. गोकर्णीचा निळा उजेडात पंधरा दिवससुद्धा टिकत नाही. माझ्या बाकीच्या रेशमांवरचा तो केव्हाच विटून राखाडी झाला होता. अण्णांचा कोट मात्र भरला त्या दिवशी होता तसाच गर्द निळा होता, कारण तो कुणी एकदाही उघडून पाहिला नव्हता.